चार सूत

ऑक्टोबर लागला की कॉयरमधले पुरुष
पांढरे शर्ट खाकोटीला मारून दुकानात येतात
आणि प्रत्येक जण तेच सांगतो :
एलिनेद, अगं धुण्यात आटला.

मी मान डोलावते.
सुती कापड आटतं, खोटं नाही.
पण अठरा वर्षं धुतलेला शर्ट
एकोणिसाव्या वर्षी फक्त गळ्याशी आटतो
हे आमच्या या डोंगरी वेल्समध्येच होत असेल.

आधी वरचं बटण सरकवून बघायचं,
पट्टीच्या अगदी काठापर्यंत.
चार सूत मिळतात.
त्याहून ओढलं तर टायची गाठ कलते
आणि फोटोत माणूस
कुणाचं तरी देणं लागत असल्यासारखा दिसतो.

चार सुतांनी भागलं नाही, की कॉलर उसवायची.
हे काम मला मनापासून आवडतं.
शर्टाच्या शेपटीतून पट्टी कापायची,
जन्मभर पँटीत खोचलेलं, उजेड न पाहिलेलं कापड
वर आणून मानेमागे जोडायचं.
ते बाकीच्या शर्टापेक्षा पांढरं असतं,
थोडं बुजल्यासारखं.
खाली शेपटीला मग काहीही लावा.
गेथिन गेली पाच वर्षं
बायकोच्या स्वयंपाकघरातला पिवळा चौकडीचा पडदा
बुडाखाली घेऊन चॅपेलात खर्ज लावतो.
देवाला ठाऊक असेलच.
अजून तरी काही बोललेला नाही.

इद्वल मंगळवारी आला.
चाळीस वर्षं खाणीत छिन्नीनं
पाटीच्या दगडाचे पापुद्रे काढले,
आणि आवाज अजून असा
की वरच्या स्वराला खिडकीची काच सावध होते.
शर्ट आणला होता. पँटही.
शर्ट गळ्याला सोडायचा,
पँट कंबरेला दीड इंच आत घ्यायची.

वहीत त्याचं पान आहे.
मार्चमध्ये गळा साडेपंधरा. जूनमध्ये सोळा.
आज सोळा नि वर सहा सूत.
शेजारी कंबर लिहिली
आणि पेन्सिल तिथेच थांबली.
माणूस सुटतो तो सगळीकडून सुटतो,
पोटापासून सुरुवात करतो.
असा एकट्या गळ्यानं नाही.

टेपखाली मी नेहमी एक बोट ठेवते,
तेवढी श्वासाची जागा.
बोट डावीकडे अडलं.
कोटाच्या बटणाएवढं काहीतरी, पण जाड.
गिळ, म्हटलं.
तो गिळला. तेही वर गेलं, खाली आलं.

काय झालं गं?
काही नाही. टेप जुनी झाली.

आता हे सांगायचं कसं?
मी शिंपीण.
माझ्याकडे इंच आहेत, नावं नाहीत.
म्हणून म्हटलं, हा शर्ट मी घेत नाही, इद्वल.
आधी डॉक्टर मेर्फिनना गळा दाखव,
मग माप धरू.
तो लालबुंद झाला.
तुझ्याच्यानं होत नसेल तर तसं सांग,
पोर्थमाडॉगला दुसरी बाई आहे, म्हणाला.
दाराची घंटा त्याच्यामागे बराच वेळ हलत राहिली.
शर्ट मात्र टेबलावर राहिला.

रात्री मी कॉलर उसवली.
त्याच्या घामानं पिवळी पडलेली कड
दिव्याखाली धरून बसले.
शेपटीतून पट्टी कापली, मोठीच,
तीन इंच तरी असेल,
आणि कच्च्या टाक्यांनी जोडून ठेवली.
एक टोक ओढलं की सगळं सुटेल असे टाके.

आज सकाळी फोन.
न हॅलो, न काही.
गुरुवारी दहा वाजता बोलावलंय, म्हणाला.
मग बराच वेळ नुसता पाऊस ऐकू आला, त्याच्याकडचा.
मग म्हणाला, नाताळच्या कार्यक्रमाला
तो शर्ट मिळेल ना?

मिळेल, म्हटलं.
पक्की शिवण तू आल्यावर.