कॅज्युअल

वादी कबीर. तिसरा मजला, चार खाटा, एक एसी.
झहूर मला म्हणतो, काका, तुम्ही कॅज्युअल.
म्हणजे रे काय?
म्हणजे बसमध्ये, नाहीतर संडासाच्या रांगेत
अंगठ्याला काम नसलं की फळं फोडणारे.
हरले तरी ज्यांच्या पोटात कालवत नाही.

आता फळं फोडतो, हे खरंच.
तीन आंबे एका ओळीत आले की टप्.
लेव्हल दोन हजार एकशे नव्वद.
कुणी मरत नाही, कुणी शिव्या देत नाही,
बाई गोड आवाजात म्हणते, वा!
दिवसभरात तेवढीच.

झहूर हार्डकोअर. शब्द त्याचाच.
बारा तास डक्टला लोकर गुंडाळून येतो,
खुबूस दालमध्ये बुडवून उभ्यानंच खातो,
आणि सगळे घोरायला लागले की कानांवर हेडफोन चढवतो.
कंट्रोलरला साइटवरची चंदेरी टेप.
वहीत पुढून एजंटाच्या कर्जाचे हप्ते,
मागून कुठली बंदूक किती उसळते त्याचं गणित.
एकदा विचारलं, मजा येते का रे?
त्यानं असं पाहिलं,
जणू मी वेल्डरला विचारलं होतं
ठिणग्या छान दिसतात का.

गंमत म्हणजे कंपनीच्या मस्टरवरही
माझ्या नावापुढे हाच शब्द आहे.
तांडेल, वसंत. कॅज्युअल.
एकोणीस वर्षं.
तीन फोरमन बदलले, एक मेला,
मुलगी शाळेत गेली, नापास झाली, पास झाली, सासरी गेली.
शब्द तोच.
झहूरला सांगितलं नाही. हसला असता,
किंवा हसला नसता. तेही नको होतं.

परवा रात्री दीडला वायफाय गेलं.
पाच रियाल भरायची पाळी सुलेमानची होती, विसरला.
पोराचा आवाजच वेगळा आला.
शेवटचा राउंड, काका, रँक जाईल,
आठ महिने, काका.
मी उशाखालचा फोन काढला,
हॉटस्पॉट चालू केला, पासवर्ड सांगितला:
मुलीचं नाव आणि एक दोन तीन.
तो जिंकला की हरला विचारलं नाही.
हुं की हं असं काहीतरी ऐकलं भिंतीकडे तोंड करून.

सकाळी माझा डेटा संपलेला.
पगाराला चार दिवस.
माझ्याही गेममध्ये एक आकडा असतो,
रोज न चुकता आलात तर वाढणारा.
एक हजार तीनशे चार होता.
ईदला खेळलो होतो, तापात खेळलो होतो,
आई गेली त्या दिवशीसुद्धा,
विमानाचं तिकीट मिळेपर्यंत, तिथेच बाकावर बसून.

आता पुन्हा एक.

रुसैलच्या बसमध्ये झहूर माझ्या खांद्यावर झोपलाय.
तोंड उघडं, लाळ माझ्या कॉलरवर.
झोपेतही त्याचा उजवा अंगठा हलतोय,
कुणाला तरी मारतोय,
की वाचवतोय.
मी माझा हात हलवत नाही.