पट्टा

रूपरेखा टॉकीजची मागची भिंत
हीच आमच्या स्वयंपाकघराची भिंत होती.
नवाच्या खेळाला पलीकडे एक दार करकरायचं
आणि अलीकडे आई म्हणायची,
"पुऱ्या काढून घे, सव्वानवाला बाई किंचाळेल, हात हलेल."

बाई किंचाळायची. वेळेवर.
फडताळातले कप थरथरायचे
आणि मी, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, रामबाग, इंदूर,
पाटावर बसून त्या बाईच्या मागे काय उभं आहे
ते घडवत राहायची:
कधी दात, कधी नुसतेच ओले केस,
एकदा तर गणिताच्या सरांची चप्पल, चालत येणारी,
आत सर नसलेली.

सातव्या आठवड्यात लोकेंद्रने तिकिटं काढली.
पुढून चौथी रांग, जिथून भुताच्या नाकपुड्या दिसतात.
कुंदा बक्षीने स्वेटर डोक्यावर ओढला
आणि एका काजातून बघू लागली.
टॉर्चवाला रामरतन म्हणाला, "एका डोळ्याचं अर्धं तिकीट नसतं, बाई."

दार करकरलं. मला सगळं तोंडपाठ.
आता तीन पावलं, आता मांजर,
आता ती येडी मेणबत्ती घेऊन तळघरात उतरणार.
अख्खं थिएटर एका गळ्याने ओरडलं, "मत जा!"
ती गेली.
जातेच ती. न जाती तर
आम्ही पैसे परत मागितले असते.

आणि तो आला.
रबराचा चेहरा, भुवईपाशी डिंक सुटलेला.
हात वर केला त्याने, नखं वीतभर,
बाही घसरली,
आणि रापलेल्या मनगटावर, गोरा, स्वच्छ,
घड्याळाच्या पट्ट्याचा पट्टा.

म्हणजे कुणीतरी माणूस.
उन्हातान्हात बसची वाट बघणारा.
घड्याळ काढून कुणाच्या तरी हातात देणारा:
"सांभाळ रे, आलोच, एवढ्या बाईला मारून."

तुम्हाला वाटेल, मी हसले.
मी किंचाळले. कुंदाहून मोठ्यानं.
पट्टा दिसत होता आणि पाय खुर्चीवर होते.
आता ऑफिसात विचारतात, "मॅडम, या वयात भुताचे पिक्चर?
खोटं असतं ना सगळं?"
असतं हो. मला माहीत असतं.
पण ते माहीत असणं
गुडघ्यांपर्यंत उतरत नाही, काय करू?

अकरा वेळा पाहिला तो.
रामरतनच्या कृपेने, बहुतेकदा फुकट.
आधी पट्ट्यासाठी.
मग पाचव्या खेपेला मी पडद्याकडे पाठ केली
आणि लोक पाहिले:
सराफ, हवालदार, नव्या नवरीचा नवा नवरा,
सगळ्यांचे जबडे उघडे, पानाने रंगलेले, दाढा दिसताहेत.
एरवी या शहरात खाताना सोडून
कोण कुणासमोर एवढं तोंड उघडतं?

आणि खाणं तर व्हायचंच.
बारा वाजता सराफ्यात गराडू, वर जिरावन,
बोटं अजून थरथरत, त्यामुळे जिरावन जास्तच.
भ्यायल्यावर जशी भूक लागते
तशी उपासानंतरही लागत नाही.

मग घरी. आधी मला पोचवायचं, मग कुंदाला.
शेवटी लोकेंद्र उरायचा.
छत्रीबागेपर्यंत तो चप्पल हातात घेऊन पळायचा,
हे त्याने सांगितलं थेट स्वतःच्या लग्नात,
बोहल्यावरून, माईक हातात आल्यावर.

चौदाव्या आठवड्यानंतरच्या शुक्रवारी पिक्चर बदलला.
काहीतरी कौटुंबिक, भावाभावांचं.
सव्वानऊ झाले.
आईने झारा कढईवर अधांतरी धरला
आणि थांबली.
पलीकडे सनई.
कप जागच्या जागी.

"मेली आज ओरडली नाही," आई म्हणाली,
आणि तेल धुरावेपर्यंत
भिंतीकडे बघत राहिली.