सर्वानुमते

हिंगणा रोडवर, मेट्रो संपते त्याच्याही पुढे आमचं कॉलेज.
पिअर टीम यायला अकरा दिवस.
भिंतींना मोतिया रंग चढतोय,
तेलंखेडीच्या नर्सरीतून कुंड्या आल्यात, भाड्याने,
तुमसरेभाऊ त्यांना स्टाफसारखं ओळीत उभं करतात.

माझ्या वाट्याला इतिवृत्तं.
महाविद्यालय विकास समितीच्या वीस सभा,
पाच वर्षांच्या,
ज्या झाल्याच नाहीत.
"लांजेवार मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे,"
प्राचार्य म्हणाले, आणि पाच पेनं दिली,
दर वर्षाला वेगळं.

तासिका तत्त्वावर नऊ वर्षं मराठी शिकवते.
भूतकाळ म्हणजे माझ्या हातचा मळ:
अपूर्ण, पूर्ण, रीती.
हा न घडलेला तेवढा व्याकरणात नव्हता.

रात्री भांडी आवरून बसले.
दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात सगळ्यांना चहा पाजला.
दोघांना गैरहजर ठेवलं, म्हणजे खरं वाटेल.
विद्यार्थी प्रतिनिधीच्या तोंडी एक प्रश्न घातला,
सायकल स्टँडच्या छपराचा.
करोनाच्या वर्षी ऑनलाइन सभा घेतली,
मध्येच सचिवसाहेबांचं नेट घालवलं.
मजा येऊ लागली होती, खोटं कशाला बोलू.

चौथ्या पेनाला अस्मित पौनीकर आठवला.
बी.ए. दुसरं वर्ष, हजेरी एकतीस टक्के,
एमआयडीसीत पत्रा कापतो.
दिवाळीआधी स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला होता,
"मी सहाले सुटतो जी मॅडम,
अन् तुमच्या लायब्ररीले साडेपाचलेच कुलूप.
पुस्तक का सपनात वाचू?"
त्याचं नाव एक्सेलच्या ज्या रकान्यात जाणार होतं
त्याला आम्ही गळती म्हणतो.
नळाची असावी तशी.

मी लिहिलं, ठराव क्रमांक सात:
ग्रंथालय रोज रात्री नऊपर्यंत उघडे राहील.
सूचक सचिव, अनुमोदक प्राचार्य.
सर्वानुमते मंजूर.

सचिवसाहेबांनी विसाच्या वीस सभांवर
एका दमात सह्या केल्या,
फोनवर कुणाशी तरी प्लॉटचं बोलत.

तिघं पाहुणे आले.
त्यातल्या जाड भिंगांच्या बाईंनी
सावजी नको म्हटलं, दहीभात घेतला,
आणि इतिवृत्त वाचलं.
म्हणजे खरंच वाचलं. असं कुणी करत नसतं.
"नऊपर्यंत? आज संध्याकाळी दाखवाल?"
प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी कुंड्यांकडे.
तुमसरेभाऊ किल्ली शोधायला धावले.

अहवालात पान अठरा: उत्तम प्रथा.
टाळ्या वाजल्या, पेढे वाटले,
आणि ते खोटं ठेवायची सोय संपली.

पुढची सभा झाली (ही झाली, मी साक्षीला आहे).
"रात्री नऊपर्यंत बसणार कोण?"
सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.
मानधनाचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला.
बाकी सर्वानुमते.

आता एप्रिल. पंचेचाळीस.
कुंड्या परत गेल्या, फरशीवर त्यांचे गोल डाग उरलेत.
कूलरमध्ये पाणी मीच भरते.
अस्मित साडेसहाला येतो,
नळावर तोंड धुतो, तरी ग्रीसचा वास राहतो.
पहिले चार दिवस पुस्तकावर डोकं ठेवून झोपला.
उठवलं नाही.
रजिस्टरात लिहिलं: आत साडेसहा, बाहेर नऊ.
पाचव्या दिवशी म्हणाला, "बावीस पानं झाली जी,"
जसं काही माझी उधारी होती त्याच्याकडे.

पुराव्यासाठी रोज फोटो लागतो,
अक्षांश-रेखांशासकट.
आजच्या फोटोत तो आहे, कूलर आहे,
आणि कोपऱ्यात तीन मुली.
त्या कुठून सुटून येतात
अजून विचारलं नाही.