खोडरबर

दुसरा तास बीजगणिताचा.
पहिला संपता संपताच पोटात
कुणीतरी ओली गोधडी पिळायला घ्यायचं.

पर्वती पायथ्याची शाळा, नववी ब,
ढमढेरे प्रणोती, हजेरी क्रमांक सतरा.
चाळीसात सात.
पेपर रिक्षाच्या टपावर ठेवून बाबांनी उभ्याउभ्याच सही केली,
बोलले काहीच नाहीत.
तेच लागलं.

मी खोडायचे.
एवढं खोडायचे, की पानाला भोक पडायचं
आणि भोकातून डोकवायचं
पुढच्या पानावरचं कोरेपण,
तेही मला घाबरलेलं.

एकदा तास संपताना मुल्लाबाईंनी हात पुढे केला.
"खोडरबर दे."
पर्समध्ये टाकला, चेन ओढली.
"चुकलीस की एक रेघ मार. बारीक.
खालचं वाचता आलं पाहिजे, मला आणि तुलाही."

बाबा म्हणतात, पुण्यात चुकलेला माणूस
पुढे पुढे जात राहतो, म्हणून जास्त चुकतो.
एकेरी रस्ते त्याला पार स्वारगेटला नेऊन सोडतात.
थांबावं,
कुठल्या चौकात वळलो ते आठवावं.

तीन आठवडे मी रेघा मारल्या.
वही अशी दिसायची, जणू मांजरानं ओरबाडलीय.
मग एका रात्री, शेजारच्यांची मालिका भिंतीतून ऐकू येत असताना,
सगळ्या रेघा एकाच चौकात सापडल्या:
कंसाबाहेरचा वजा.

तो आत शिरायचा, दारातल्याला भेटायचा
आणि तिथूनच परत फिरायचा.
मागे बसलेल्याचं चिन्ह तसंच.
हळदीकुंकवाला घर भरून बायका बोलवाव्यात
आणि कुंकू एकीलाच लावावं, तसं.

म्हणजे एवढी वर्षं मला गणित येत नव्हतं
ते एवढंसं होतं. एक वजा.
(आणि अपूर्णांक. आणि भूमितीतलं बरंच.
खोटं कशाला बोलू?)

सहामाहीला तेवीस.
बाबांनी पेन दोनदा झटकलं.
"सातातून तेवीस म्हणजे किती वाढले?"
"सोळा."
"मला येतं गं. तुला विचारलं."

गोधडी अजून पिळली जाते, विशेषतः मंगळवारी.
पण पाणी कमी निघतं.

मार्चमध्ये बाईंनी खोडरबर परत दिला,
बडीशेपेचा वास लागलेला,
कोपरे अजून टोकदार.
आता तो चित्रकलेला वापरते.
हत्तीची सोंड काही केल्या जमत नाही.