पाणी येतं का?

लातूरला घर बघायला गेलं
की आधी खोल्या नाहीत, आधी टाकी.
झाकण उचलायचं, आत वाकून 'ओ' म्हणायचं.
आवाज घुमून परत आला
तर ते घर नको.

त्याच सवयीनं बडोद्यात
हितेनभाईच्या स्कूटरवर मागे बसून
तीन रविवार विचारत फिरलो,
पाणी येतं का?

कारेलीबागेत मालक छातीवर हात ठेवून म्हणाले,
"कधीच नाही. देवाशपथ."
फतेगंजात सून पुढे झाली,
"सासूबाईंना विचारा, थेंब आला नाही आजवर."
समा रोडचे एकजण तर भडकलेच,
"कुणी सांगितलं? बाजूच्यांनी?
त्यांच्याकडे येतं. आमच्याकडे नाही येत."

रात्री लॉजवरून दैवशालाला फोन लावला.
म्हटलं, शहर मोठं आहे, बागा आहेत,
मकरपुऱ्याला कंपनीची बस जाते,
पण इथं कुणाकडेच पाणी येत नाही
आणि सगळे ते अभिमानानं सांगतात.
ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, "घागरी आणू का सगळ्या?"

मधे दोन घरं हातची गेली.
एक आडनावावर. "कालच दिलं" म्हणताना
त्यांच्या बोटात किल्ली फिरतच होती.
दुसरं अंड्यावर.
हितेनभाई किक मारत म्हणाला,
"चालते साहेब. आधी शेव-उसळ खाऊ."
पैसे त्यानंच दिले. दोन्ही वेळा.

तिसऱ्या रविवारी मुजमहुडा.
हेमलताबाई फणसे, हातात धुणं,
दारातच त्यांनी मला अडवलं,
"कुठून म्हणता? नळातून, का नदीतून?"

मी उभाच.

त्यांनी धुणं खांद्यावर टाकलं, आत नेलं.
भिंतींना ताजा रंग,
फक्त दाराशेजारी वीतभर पट्टी जुनी ठेवलेली
आणि तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा.
एकोणीस साल माझ्या गुडघ्याला.
चोवीस साल
पट्टा बांधतो तिथून वर चार बोटं.
"रंगारी म्हणाला, पुसू? म्हटलं, राहू दे.
राहणाऱ्याला ठाऊक पाहिजे ने."

तेव्हा बटणं दिसली. केवढी उंचावर.
कारेलीबागेतही उंच होती, फतेगंजातही,
दिवा लावायला टाचा उचलाव्या लागत.
मला वाटलेलं, इकडची पद्धत असेल,
पोरांना शॉक लागू नये म्हणून.

"मगर?" मी विचारलं. ऐकून होतो.
"आली होती. लहान होती.
पायरीवर बसली दुपारभर, मग संस्थेची पोरं
दोरी-पिंजरा घेऊन आली, घेऊन गेली.
मगरीचं काही नाही हो. गाळ.
गाळ दिवाळीपर्यंत निघत नाही.
कपाटाच्या बिजागरीतून अजून निघतो."

भाडं सांगितलं. हजार कमी होते.
म्हणाल्या, "खालचं घर तुमचं.
नदी चढली की वर माझ्याकडे यायचं, गादी-बिदी घेऊन.
ते भाड्यात धरलंय."

हितेनभाई बाहेर स्कूटर पुसत होता.
एकदाही आत आला नाही.
हे घर त्यानं शेवटी का दाखवलं,
विचारायचं राहून गेलं.

रात्री फोन.
"पाणी?"
"येतं."
"किती दिवसाआड?"
मी बोटांवर हिशेब केला.
"पाच वर्षांआड."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.
"आणि मधे?"
"मधे रोज. सहा ते सात."
मग सगळं सांगितलं. रेघा, बटणं, वरची गादी.
मगर सांगितली नाही.

"घागरी तरी आणतेच," दैवशाला म्हणाली.
"आता कशाला?"
"असू दे.
रिकाम्या तरंगतात."