बाजारात तुरी

वेंडलने नकाशा पसरला, कोपऱ्यांवर कॉफीचे मग ठेवले
आणि म्हणाला, निवड.
इकडे केसलर. अठ्ठेचाळीस हजार माणसं, जुने ओक,
पडदे बदलतात पंधरा वर्षांनी,
तेही कुत्र्याने ओढले तर.
तिकडे कॉटन प्रेअरी. एकतीसशे.
त्यातलेही निम्मे चर्चमागच्या कुंपणाकडे सरकत चाललेले.

मी खिडक्यांचे पडदे विकते. ऑस्टिनच्या उत्तरेला,
जिथे जीपीएस अजून मला कपाशीत उभी करतो.

तक्त्यावर माझा विश्वास नाही, म्हणून गाडी काढली.
शाळेमागे चाकांवरच्या तीन वर्गखोल्या.
पाण्याची टाकी गावाच्या अंगाला न बसणारी,
थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तशी.
सहापदरी रस्ता, त्यावर एकटा ट्रॅक्टर.
मेडोलार्क लेन अशी पाटी. लेन नाही.
मेडोलार्क मात्र होता, पाटीवरच बसलेला.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
गावाचे गटारात दिसतात.
खड्ड्याशी वाकून पाहिलं:
बारा इंची पाइप टाकत असतील तर गाव आहे तेवढंच राहणार,
छत्तीस इंची असेल
तर डोळे मिटून सही करावी.
छत्तीस होता.

मग बॉनेटवर कागद ठेवून गुणाकार.
मंजूर घरं दोन हजार चारशे, घराला खिडक्या अकरा.
पहिला आठवडा लोक चादरी लावतात, खिळे ठोकून,
दुसऱ्या आठवड्यात मला फोन करतात.
ज्यांची अजून ओळखही झाली नाही
त्यांच्या बाळाच्या खोलीसाठी
मी गडद पडदे धरले, घरटी एक.

मिरजेहून आई फोनवर म्हणाली, बाजारात तुरी.
पुढचं म्हणाली नाही. इथे भट नाही, भटीण नाही,
मारायला नुसतं एक्सेल.

पण मीही अशीच कुणाच्या तरी रकान्यात आले होते,
दोन बॅगा, एक कुकर, नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेली,
आणि गाद्यांच्या दुकानातला एक गृहस्थ
जणू जन्मभर माझीच वाट पाहत दारात उभा होता.
किती गोड बोलला.
आता कळतं, त्यानेही पाइप पाहिला असणार.

काउंटी रोडच्या टोकाला शेवटचं घर मिसेस ह्रुष्कांचं.
पुन्हा सर्वेवाली का, म्हणाल्या.
म्हटलं, नाही, पडदे.
हसल्या. या खिडकीला सत्तर वर्षं पडदा नव्हता,
पलीकडून बघायला होतं कोण? कापूस?
मग दाराला टेकून, जरा हळू:
एका खिडकीचे किती घेशील?

चौतीस पूर्णांक एक द्वितीयांश बाय एकसष्ट.
चौकट वाकलेली, वर आणि खाली अर्ध्या इंचाचा फरक.
टेप धरून त्याच उभ्या राहिल्या, हात थरथरत नव्हता.
तुझ्या त्या हिशेबात, त्यांनी विचारलं, मला धरलंय का?
धरलंय, म्हटलं.
जन्म, आवक आणि तिसरा एक रकाना आहे तक्त्यात.
कुठल्या रकान्यात ते त्यांनी विचारलं नाही.
कोलाचेचा डबा पुढे केला. जर्दाळूचे होते.

मी कॉटन प्रेअरीवर सही केली.
पहिल्या तिमाहीची विक्री: एक पडदा, पश्चिमेचा.
वेंडलने तो आकडा दोनदा वाचला
आणि माझा मग माझ्याकडे सरकवला.

गेल्या गुरुवारी तिकडून गेले.
खांब उभे राहिलेत, तारा ओढायच्यात.
पडदा वर गुंडाळलेलाच होता.
बसला नाही का नीट, मी विचारलं.
छान बसलाय, त्या म्हणाल्या, दिवे लागू देत,
मग ओढीन.