आठवी ओव्हर

कसबे डिग्रजचा धनपाल मगदूम
दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचा,
चूळ भरायचा,
त्यानंतर पाणीसुद्धा नाही.
मग एम-एटीवर मला मागं घेऊन
ज्या गावावरचं आभाळ हॅलोजननं पांढरं झालंय
तिकडं गाडी.

त्याच्याकडं एक ओव्हर होती. माझ्याकडं वही.

मॅच आठ ओव्हरांची.
सात ओव्हर तो थर्डमॅनला, उसाच्या कडेला,
उजेड जिथं संपतो तिथं.
बॉल आला तर अडवायचा. नाही आला तर
पाचटावर पाय घासत उभा.
कॅप्टन कधी हाक मारायचा नाही.
सातवी संपली की अंधारातनं
आपला आपणच चालत यायचा,
आणि माइकवरचं बोरगावचं पोरगं,
मघापासून ज्याचं तोंड मिटत नव्हतं,
ते पाण्याची बाटली शोधायला लागायचं.

दिवसा मार्केट यार्डात, हळदीच्या पॉलिशला.
हात कोपरापर्यंत पिवळा.
पलूसचा एक ओपनर म्हणाला होता,
हा भंडारा लावून येतोय, ह्याला मारायचा कसा?
धनपाल म्हणाला, राजापुरी आहे. साबणानं जात नाही.

ओव्हरचे तीनशे, पेट्रोल वेगळं.
पुढं पाचशे. एका साली हजार,
तासगावच्या बागायतदारांनी दिले, फायनलला.
हरल्यावर पेट्रोलचेही मागायचा नाही.
कवलापुरात सहा बॉलला पंधरा हवे होते,
चौथ्यालाच संपलं.
पुलापासून गाडी ढकलत आणली आम्ही,
रात्रीचे अडीच, नदीवरनं गार वारं,
आणि गावाची कमान दिसेपर्यंत तो एवढंच बोलला:
"चौथा जरा आखूड पडला."

बुधगावात मॅन ऑफ द मॅचला बोकड.
लोक हसले. जैनाला बोकड!
त्यानं दोरी हातात घेतली, फोटोला उभा राहिला,
आणि गाडीवर दोघांच्या मधे बोकड धरून आम्ही घरी.
परसात म्हातारा होऊन मेला तो, सात वर्षांनी.
त्याचं नाव यॉर्कर होतं.

बारा सीझन. बेरीज मी केलीय:
एकशे चौऱ्याण्णव ओव्हर.
मोठ्या क्रिकेटात दोन दिवस आणि वर थोडं चहापाणी.
बारा वर्षांत माणूस दोन दिवस खेळला,
आणि त्यातला एकही बॉल असा नाही
की समोरच्याला किती हवेत
हे त्याला माहीत नव्हतं.

मग खांदा. मिरजेचे डॉक्टर म्हणाले,
पोतं उचला, नाहीतर बॉल टाका.
पोत्यावर सहा माणसं जेवत होती.

शेवटच्या मॅचला कॅप्टननं, मान म्हणून,
पहिली ओव्हर त्याला दिली.
दिवसाउजेडी. नवा बॉल,
रबराचा वास, वरची लव तशीच.
बॅट्समन जांभई देत होता. फळ्यावर शून्य.
धनपालनं सहा टाकले. चांगले टाकले. तीन रन.
ओव्हर झाली, सगळे जागा बदलायला लागले,
कुणी ओरडलं नाही, कुणी दोरी ओलांडून पळत आलं नाही,
आणि तो पिचवरच उभा,
माझ्या टेबलाकडं बघत:
"काय झालं? जिंकलो का?"

मी म्हणालो, अजून सात आहेत.

तो थर्डमॅनला गेला.
त्याच आठवड्यात ऊस तुटला होता,
मोकळं रान, थेट मळीपर्यंत दिसत होतं.
बॉल एकदाही तिकडं गेला नाही.
सगळ्या सात ओव्हर तो मॅच बघत राहिला,
गुडघ्यावर हात टेकून,
चौथीतली पोरं बघतात तशी.

आठवी कुणी टाकली, वहीत असेल.